दादोबा पांडुरंग आणि परमहंस मंडळी : एका शाळाप्रमुखाने घडविलेले गुप्त बंधुमंडळ

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास प्रामुख्याने वृत्तपत्रे, ग्रंथ आणि जाहीर सभा यांच्या आधारे लिहिला गेला आहे. 'दर्पण', 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश' यांसारखी पत्रे, प्रार्थना समाज आणि सत्यशोधक समाज यांसारख्या संस्था यांचे कार्य सर्वांसमोर घडत होते. त्यामुळे त्यांची नोंद राहिली. परंतु याच कालखंडात मुंबईत अशी एक संघटना अस्तित्वात होती की, आपली नोंद कोठेही राहू नये याची काळजी ती स्वतःच घेत असे. तिचे नाव 'परमहंस मंडळी' अथवा 'परमहंस सभा'. ३१ जुलै १८४९ रोजी स्थापन झालेल्या या मंडळीचे प्रेरणास्थान होते मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख आणि मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर.

मराठीच्या अभ्यासक्रमात दादोबांचा परिचय बहुधा व्याकरणकार म्हणूनच होतो. शिक्षणसंस्थेचा प्रमुख आणि तरुणांच्या बंधुमंडळाचा प्रवर्तक ही त्यांची दुसरी ओळख तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनक्रमाचा या दुसऱ्या अंगाने परामर्श घेतला असून, एका शिक्षकाने आपल्या विचारांच्या तरुणांना गुप्ततेच्या आवरणाखाली का एकत्र आणले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

जडणघडण

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत एका वैश्य कुटुंबात झाला. पेशवाईचा शेवट झाला त्या वेळी ते चार वर्षांचे होते. जुन्या पद्धतीच्या पंतोजींच्या शाळेत अक्षरओळख आणि पुढे नव्या पद्धतीच्या शाळेत इंग्रजी शिक्षण असा त्यांच्या पिढीचा विद्यामार्ग होता. मुंबईत नव्या शिक्षणाची पायाभरणी होत असतानाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते होत.

घरातील वातावरणही उल्लेखनीय होते. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मधून 'एक हिंदू' या टोपणनावाने ब्रिटिश राजवटीच्या आर्थिक शोषणावर कठोर टीका करणारी पत्रे लिहिली. दुसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले. एकाच घरात राजसत्ता, धर्म आणि भाषा या तिन्हींविषयी मूलभूत प्रश्न विचारणारी माणसे निपजली, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. तर्कशुद्ध विचाराची सवय हा त्या सर्वांतील समान दुवा दिसतो.

दादोबांनी काही काळ माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक म्हणून काम केले. १८३६ मध्ये त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. संस्कृत व्याकरणाची परंपरा ज्ञात असूनही मराठीचे व्याकरण मराठीच्या प्रत्यक्ष रूपावरून मांडावे, ही दृष्टी त्यांनी पुढील आवृत्त्यांतून अधिकाधिक स्पष्ट केली. प्रचलित प्रयोग गोळा करावेत, त्यांतील नियम शोधावा आणि नियमाला न जुमानणाऱ्या रूपांचा वेगळा विचार करावा, अशी ही पद्धती होती. धर्म आणि समाज यांच्याकडे पाहतानाही त्यांनी तीच वापरली असे म्हणता येईल. परंपरेत एखादा आचार आहे एवढ्यावरून तो योग्य ठरत नाही, त्यामागील तत्त्व विचाराच्या कसोटीस उतरले पाहिजे, हा आग्रह त्यांच्या धर्मविषयक लेखनात सातत्याने आढळतो.

सुरतेतील प्रयोग : मानवधर्म सभा

मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयातील अल्पकाळच्या अध्यापनानंतर दादोबांची नेमणूक सुरत येथील इंग्रजी शाळेचे मुख्य शिक्षक म्हणून झाली. तेथे त्यांना दुर्गाराम मंछाराम मेहता हे समविचारी गुजराती शिक्षक भेटले. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानवधर्म सभा' स्थापन केली. दर रविवारी भरणाऱ्या या सभेत कोणासही येण्यास मज्जाव नव्हता. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राचा धर्म एक आहे, जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, या विषयांवर तेथे चर्चा होत. मंत्रतंत्र, भूतबाधा आणि जादूटोणा यांवर उपजीविका करणाऱ्यांनी आपली विद्या सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावी, असे आव्हानही सभेने दिले होते.

या सभेचे बलस्थान तिचा खुलेपणा होता, आणि तिची मर्यादाही त्यातच होती. जातिभेदाविरुद्ध जाहीरपणे बोलणारे सभासद प्रत्यक्ष व्यवहारात जातीचे नियम मोडू शकले नाहीत. व्याख्यान देणे समाजाने सहन केले. पंक्तिभेद मोडणे त्याने सहन केले नसते. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. त्यानंतर दुर्गाराम यांनी काही वर्षे सभा चालविली. पण १८५२ मध्ये ते राजकोटला गेल्यावर तिचे कार्य थांबले.

सुरतेत असतानाच, १८४३ च्या सुमारास, दादोबांनी 'धर्मविवेचन' हा छोटा ग्रंथ लिहिला होता. तो त्यांनी तत्काळ प्रसिद्ध केला नाही. १८६८ मध्ये, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी, तो प्रकाशित झाला तेव्हाही मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. 'एक जगद्वासी आर्य' एवढीच लेखकाची ओळख देण्यात आली होती. या एका तपशिलावरून त्या काळातील विचारस्वातंत्र्याच्या मर्यादा ध्यानात येतात.

मुंबई : नॉर्मल स्कूलचे प्रमुखपद

देशी भाषांतील शाळांसाठी शिक्षक तयार करणारे नॉर्मल स्कूल मुंबईत १८४५ मध्ये सुरू झाले होते व त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे होती. १७ मे १८४६ रोजी बाळशास्त्रींचे अकाली निधन झाले आणि त्यानंतर ही जबाबदारी दादोबांकडे आली. बाहेरगावच्या तरुणांना शिकवून पुन्हा आपल्या जिल्ह्यांत शिक्षक म्हणून पाठविणे हे या शाळेचे कार्य होते. त्यामुळे तिच्या प्रमुखाचा संबंध मुंबईतील विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहत नसे. तेथे रुजलेला विचार शाळांच्या मार्गाने दूरवर जाण्याची शक्यता होती.

याच सुमारास मुंबईत विद्यार्थ्यांच्या संघटनांना बहर आला. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. प्राध्यापक पॅटन यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता, तर दादाभाई नौरोजी यांच्यासारखे तरुण तिचे कार्यकर्ते होते. निबंधवाचन आणि वादविवाद यांपासून सुरू झालेल्या या संस्थेने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. तिची मराठी शाखा असलेल्या 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभे'चे अध्यक्षपद दादोबांकडे होते. या सभेच्या परिश्रमातून १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले.

मात्र या उघड संस्थांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते. धर्म आणि राजकारण हे वादग्रस्त विषय चर्चेस घ्यावयाचे नाहीत, असा त्यांचा साधारण संकेत होता. भूगोल, खगोल, इतिहास, रसायन यांवर निबंध वाचता येत. परंतु ज्या विद्यार्थ्याला सकाळी वर्गात निसर्गनियम शिकविले जात, त्यालाच सायंकाळी घरी सोवळ्याओवळ्याचे नियम पाळावे लागत. या विसंगतीविषयी बोलण्यास त्याला जागा नव्हती. परमहंस मंडळीने ही जागा निर्माण केली.

परमहंस मंडळी : स्वरूप आणि तत्त्वे

हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, हा संकेत भारतीय साहित्यात जुना आहे. संन्यासमार्गात 'परमहंस' हा जातिवर्णाच्या सर्व बंधनांपलीकडे गेलेला असतो. सारासारविवेक आणि जात्यतीतता हे दोन्ही अर्थ 'परमहंस' या एका शब्दात सामावलेले असल्याने मंडळीचे नाव अर्थपूर्ण ठरते.

मंडळीचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर हे होते. दादोबा तिचे वैचारिक मार्गदर्शक होते. सभासदांच्या घरी बैठका होत. आरंभी आणि अखेरीस प्रार्थना म्हटली जाई व त्यासाठी दादोबांनी प्रार्थना रचल्या होत्या. 'धर्मविवेचन' ग्रंथातील सात तत्त्वे हा मंडळीच्या विचाराचा पाया होता. ती थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येतील : ईश्वर एक असून तोच पूजनीय आहे, प्रेम आणि सदाचरण हा खऱ्या धर्माचा आधार आहे, पारमार्थिक धर्म सर्वांचा एकच आहे, प्रत्येक व्यक्तीस विचारस्वातंत्र्य असले पाहिजे, नित्याचे आचार आणि उच्चार विवेकास धरून असावेत, मनुष्यमात्राची जात एक आहे, आणि योग्य ज्ञान सर्वांना मिळाले पाहिजे.

याशिवाय मंडळीची दोन धोरणे होती. कोणत्याही धर्मावर हल्ला करावयाचा नाही, हे पहिले. आपला ग्रंथ हाच ईश्वरी साक्षात्काराचा अचूक आणि अंतिम लेख आहे असा दावा करणारा धर्म मान्य करावयाचा नाही, हे दुसरे. दुसऱ्या धोरणाचा रोख परंपरानिष्ठ हिंदू मताप्रमाणेच ख्रिस्ती मिशनऱ्यांकडेही होता. १८३९ मध्ये मुंबईत पारशी तरुणांनी केलेल्या धर्मांतराने आणि १८४३ मधील श्रीपत शेषाद्री प्रकरणाने सारे शहर ढवळून निघाले होते. मिशनऱ्यांच्या सहवासात राहिलेल्या श्रीपत या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रयत्न केला आणि त्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. अशा परिस्थितीत शिकलेल्या तरुणासमोर दोनच वाटा आहेत असे भासत होते. एक, मनाला न पटणारे आचार पाळत राहणे. दुसरी, स्वधर्म सोडणे. या दोहोंखेरीज तिसरी वाट असू शकते, हे दादोबांचे प्रतिपादन होते.

मंडळीत प्रवेश घेण्याचा विधी हा तिचा सर्वांत धाडसी भाग होय. नव्या सभासदास जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे. त्यानंतर ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे ही त्याची कसोटी असे. आजच्या वाचकास या कृतीचे गांभीर्य सहजासहजी जाणवणार नाही. परंतु पावाचा एक तुकडा हा त्या काळी जातिबहिष्कारास पुरेसा होता. या घटनेनंतर चाळीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या कारणावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे १८४९ मधील विशीतल्या विद्यार्थ्यांनी कोणती जोखीम पत्करली होती याची कल्पना येते.

गुप्ततेची मीमांसा

परमहंस मंडळीवर सर्वाधिक टीका झाली ती तिच्या गुप्ततेमुळे. जातिभेद लपून मोडणे आणि उजेडात पाळणे हा दुटप्पीपणा होय, असा आक्षेप घेण्यात आला. काही काळ मंडळीच्या संपर्कात असलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्रातून मंडळीच्या अंतरंगाविषयी माहिती मिळते. ज्याला आपली श्रद्धा उघडपणे जगावयाची होती, त्याला ही मंडळी अपुरी वाटली, असा त्यांच्या जीवनक्रमाचा अर्थ लावता येतो.

हा आक्षेप निराधार नाही. तथापि गुप्ततेची कारणे समजून घेतल्याविना त्यावर निर्णय देणे योग्य ठरणार नाही. बहुसंख्य सभासद तरुण होते. ते एकत्र कुटुंबात राहत आणि अर्थार्जनासाठी अद्याप वडीलधाऱ्यांवर अवलंबून होते. जातिबहिष्कार म्हणजे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार बंद होणे, भट आणि न्हावी यांची सेवा थांबणे, बहिणींचे विवाह अडणे, घरातील मृताला खांदा देण्यासही कोणी न येणे. शिक्षा केवळ आचार मोडणाऱ्यास होत नसे, ती साऱ्या घरास भोगावी लागे. सभासदांची संख्या एक हजार झाली म्हणजे सर्वांनी एकाच वेळी जातिबंधन झुगारल्याचे जाहीर करावे, असा मंडळीचा संकल्प होता असे सांगितले जाते. हजार कुटुंबांना एकदम वाळीत टाकणे जातपंचायतींना अशक्य होईल, हा त्यामागील हिशेब होता. म्हणजेच गुप्तता हे मंडळीचे अंतिम ध्येय नव्हते. पुरेसे बळ येईपर्यंतचा तो आश्रय होता.

सुरत आणि मुंबई येथील प्रयोगांची तुलना येथे उद्बोधक ठरते. सुरतेत विचार उघड होता, परंतु त्याला आचाराची जोड नव्हती. मुंबईत आचार होता, परंतु त्याचा उच्चार करता येत नव्हता. दादोबांनी पहिल्या प्रयोगातील उणीव दुसऱ्यात भरून काढली. मात्र तसे करताना पहिल्या प्रयोगाचे बलस्थान गमावले. उच्चार आणि आचार यांची सांगड घालणे त्या पिढीला साधले नाही.

दादोबांच्या स्वतःच्या भूमिकेचाही येथे विचार करावयास हवा. त्यांचा मूळ ओढा धर्मचिंतनाकडे होता. मंडळीतील तरुणांना जातिबंधन मोडण्याची निकड अधिक वाटत होती. शाळाप्रमुख या नात्याने दादोबांचे स्थान सरकारी नोकराचे होते आणि पालकांच्या विश्वासावर त्यांची शाळा चालत होती. आपल्या सान्निध्यातील तरुणांनी कुटुंबाशी संघर्ष घ्यावा असे सुचविण्याचा नैतिक अधिकार शिक्षकाला कितपत आहे, हा प्रश्न त्यांच्या परिस्थितीत अटळ होता. त्यांनी अध्यक्षपद न घेता पडद्यामागे राहणे पसंत केले. त्यास सावधगिरी म्हणता येईल तसेच संकोचही म्हणता येईल. १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून त्यांची नेमणूक अहमदनगर येथे झाली आणि मुंबईतील कार्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध स्वाभाविकपणे कमी झाला.

विसर्जन आणि वारसा

मुंबईबाहेर पुणे, अहमदनगर, रत्नागिरी आदी ठिकाणी मंडळीच्या शाखा निघाल्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यार्थिदशेतच मंडळीच्या संपर्कात आले होते. परंतु १८६० मध्ये मंडळीची कागदपत्रे चोरीस गेली. त्यांत सभासदांची नावे असल्याने ती उघड होण्याच्या भीतीने एकच गोंधळ उडाला. गुप्ततेवर उभी असलेली संघटना गुप्तता संपताच कोसळली. हजारांचा संकल्प अपुराच राहिला.

तथापि मंडळीत तयार झालेली माणसे शिल्लक राहिली. तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जातिसंस्थेची चिकित्सा करणाऱ्या या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी प्रकाशित केली. १८६४ मध्ये केशवचंद्र सेन यांच्या मुंबईभेटीने सुधारणेच्या चळवळीस नवी चालना मिळाली आणि ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या नेतृत्वाखाली प्रार्थना समाजाची स्थापना झाली. एकेश्वरी उपासना आणि सर्व मानवांचे बंधुत्व या मंडळीच्या तत्त्वांना आता उघड मंदिर लाभले. मात्र या स्थित्यंतरात एक गोष्ट मागे पडली. प्रार्थना समाजाने जातिभेदाचा निषेध केला, तरी प्रवेशासाठी जात मोडण्याची सक्ती ठेवली नाही. उघडपणा मिळाला तो प्रतिज्ञेची धार कमी करून.

मंडळीची आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. तिचे क्षेत्र मुख्यतः शहरी आणि इंग्रजी शिकलेल्या तरुणांपुरते होते. स्त्रियांना तिच्यात स्थान नव्हते. ज्यांच्यावर जातिव्यवस्थेचा खरा भार होता, त्या समाजांपर्यंतही ती पोहोचली नाही. त्याच काळात, १८४८ मध्ये, फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली होती आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा काढल्या. १८७३ मध्ये त्यांनी स्थापन केलेला सत्यशोधक समाज उघड होता आणि बहुजनांचा होता. जातिनिर्मूलनाचा विचार खोलीबाहेर पडून गावात पोहोचला तो त्या मार्गाने.

दादोबांचे उत्तरायुष्य

अहमदनगर येथील सेवेत भिल्लांच्या उठावाच्या प्रसंगी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने दादोबांना 'रावबहादूर' हा किताब दिला. 'मनुष्यमात्राची जात एक' असे लिहिणाऱ्या विचारवंताला मिळालेला हा सन्मान त्यांच्या पिढीच्या अंतर्विरोधाचे दर्शन घडवितो. निवृत्तीनंतर त्यांनी लेखनास वाहून घेतले. १८६५ मध्ये मोरोपंतांच्या केकावलीवरील 'यशोदा पांडुरंगी' ही टीका प्रसिद्ध झाली. १८७८ मध्ये त्यांनी स्वीडिश तत्त्वज्ञ इमॅन्युएल स्वीडनबर्ग याच्या विचारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' या त्यांच्या उत्तरकालीन रचनेच्या नावातच जुन्या मंडळीची खूण टिकून आहे. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपूर्ण आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादित करून १९४७ मध्ये प्रकाशात आणले.

निष्कर्ष

दादोबा पांडुरंग यांच्या जीवनाचा विचार करता पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परमहंस मंडळी ही एकाकी घटना नव्हती. नव्या शिक्षणाने दिलेला विवेक आणि घरातील आचार यांच्यातील ताणातून ती जन्माला आली. दुसरी, तिची गुप्तता ही केवळ भीरुता नव्हती. जातिसंस्थेच्या दंडशक्तीचे ते अचूक मोजमाप होते. मात्र बळ जमेपर्यंत गुप्त राहावे आणि गुप्त असल्यामुळे बळ जमू नये, या चक्रात ती अडकली. तिसरी, अकरा वर्षे चाललेल्या या मंडळीचे फलित तिच्या सभासदसंख्येत शोधता येत नाही. ते पडवळांच्या ग्रंथात, प्रार्थना समाजाच्या उपासनेत आणि भांडारकरांसारख्यांच्या पुढील सुधारणाकार्यात शोधावे लागते.

शिक्षकाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व वेगळेच आहे. दादोबांनी नेमून दिलेला अभ्यासक्रम शिकविला, त्यासाठी व्याकरण रचले. परंतु त्या ज्ञानाने तरुणांच्या मनात निर्माण केलेल्या प्रश्नांची जबाबदारीही आपलीच आहे असे त्यांनी मानले. त्या जबाबदारीचे ओझे त्यांना शेवटपर्यंत आणि उघडपणे पेलता आले नाही. तरीही वर्गात जे शिकविले जाते ते पंक्तीत, घरात आणि समाजात खरे ठरावे, ही त्यांची अपेक्षा रास्त होती. ती आजही पुरी झालेली नाही, आणि म्हणूनच परमहंस मंडळीचा अभ्यास हा भूतकाळापुरता मर्यादित विषय ठरत नाही.